सोडियम कमी झालं, म्हणजे मीठ कमी पडलं का?

"आजींचं सोडियम कमी झालंय, अ‍ॅडमिट केलंय." घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. पाठोपाठ नातेवाइकांच्या ग्रुपवर सल्ले येतात. बीपीमुळे मीठ बंद केलं होतं ना, मग असं होणारच. आता जेवणात मीठ वाढवा, इलेक्ट्रल, म्हणजे ओआरएसची पुडी, पाजा. दवाखान्यात मात्र डॉक्टर बरेचदा भलतंच सांगतात: दिवसभरात एक लिटरच्या वर पाणी देऊ नका. आजी पाणी मागतायत, सून फुलपात्राने मोजून देतेय आणि भेटायला आलेल्यांना तो छळ वाटतोय.

डॉक्टरांचं बरोबर असतं. रिपोर्टवरचा सोडियमचा आकडा अंगात मीठ किती आहे ते सांगतच नाही. एक लिटर रक्तद्रवात सोडियम किती आहे, एवढंच तो सांगतो. आमटी अळणी लागली तर तिच्यात मीठ कमी पडलेलं असेल किंवा पाणी जास्त झालेलं असेल. चमचाभर चाखून यातलं काय झालंय ते कळत नाही. सोडियमचंही तसंच. आणि म्हातारपणी दिसणाऱ्या कमी सोडियममध्ये दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो, मिठाचा नाही.

हिशोब करून बघू. सोडियमची नेहमीची पातळी लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल. (मिलिमोल म्हणजे कणांची संख्या मोजायचं माप. ग्रॅम सोडून हे माप का घेतात, ते पुढे येईलच.) आजींचं वजन ५० किलो धरा. त्या वयाच्या बाईच्या वजनात साधारण ४५ टक्के पाणी असतं, म्हणजे साडेबावीस लिटर. सोडियम १४० वरून १२५ वर यायला त्यांच्या अंगातलं मीठ चिमूटभरही जायला नको. अडीच-पावणेतीन लिटर पाणी जादा साठलं की काम झालं. हे पाणी सगळीकडे सारखं पसरत असल्याने पायावर सूजही दिसत नाही.

याच्या उलटं उदाहरण याहून बोलकं आहे. हृदय कमजोर झालेल्या किंवा लिव्हर सिरोसिसच्या पेशंटचे पाय सुजलेले असतात, पोटात पाणी भरलेलं असतं. अंगात मीठ नको तेवढं साठलेलं असतं आणि रिपोर्टमध्ये सोडियम १२६! मीठ भरपूर आहे, पण पाणी त्याहून भरपूर आहे. अशा माणसाला "सोडियम कमी आहे" म्हणून मीठ चारलं तर सूज वाढते, धाप वाढते.

पाणी कुठे असतं, आणि का

सत्तर किलोच्या धडधाकट पुरुषाच्या अंगात सुमारे ४२ लिटर पाणी असतं. रक्त म्हणून वाहणारं पाणी त्यात अगदी थोडं, तीन-साडेतीन लिटर. साधारण २८ लिटर पेशींच्या आत असतं आणि उरलेलं दहा-अकरा लिटर पेशींच्या फटींमध्ये, त्यांना भिजवत.

आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांची चव सारखी नाही. बाहेर सोडियम १४० आणि पोटॅशियम जेमतेम ४. आत पोटॅशियम सुमारे १४० आणि सोडियम १०-१५. ही उलटापालट आपोआप टिकत नाही. पेशीच्या पातळ आवरणात बसलेला एक प्रथिनाचा पंप रात्रंदिवस तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपण स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा मोठा वाटा या एका कामावर जातो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना हा पंप दाखवून दिला. त्याबद्दलचं नोबेल त्यांना चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये मिळालं.

पंप सोडियमला बाहेर ठेवतो. पाण्याला मात्र पेशीचं आवरण फारसं अडवत नाही. ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त, तिकडे पाणी जातं आणि दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत जात राहतं. कण केवढे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही, ते किती आहेत एवढंच महत्त्वाचं. म्हणून माप मिलिमोलमध्ये.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. तीन परीक्षानळ्या घ्या. एकीत साधं डिस्टिल्ड पाणी, दुसरीत ०.९ टक्के मिठाचं पाणी, तिसरीत ३ टक्के. प्रत्येकीत रक्ताचा एक थेंब टाका. पहिल्या नळीत लाल पेशी पाणी पिऊन टम्म फुगतात आणि फुटतात. गढूळपणा जाऊन नळी पारदर्शक लाल होते, इतकी की मागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येतात. दुसरीत पेशी जशाच्या तशा राहतात, द्रव गढूळच दिसतो. तिसरीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशी आक्रसून काटेरी झालेल्या दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हार्टोग हँबर्गर या डच शास्त्रज्ञाने रक्तपेशींवर असेच प्रयोग केले. आज दवाखान्यात जिला आपण 'सलाईन' म्हणतो, त्या बाटलीवरचा ०.९ हा आकडा त्याच परंपरेतला.

मेंदूला जागा नसते

सोडियम उतरलं म्हणजे पेशींबाहेरचं पाणी पातळ झालं. मग पाणी पेशींच्या आत शिरतं आणि अंगातली प्रत्येक पेशी थोडी फुगते. हातापायांतल्या पेशी फुगल्या तर कुणाला पत्ताही लागत नाही. मेंदू मात्र कवटीत बंद आहे; त्याला फुगायला जागाच नाही. म्हणून या दुखण्याची लक्षणं डोक्याची असतात: मळमळ, डोकेदुखी, तोल जाणं, गुंगी, असंबद्ध बोलणं आणि फार उतरलं तर फिट. "आजी कालपासून काहीतरीच बडबडतायत, मला ओळखलंच नाही" अशी सुरुवात असते. घरच्यांना वाटतं वयाचा परिणाम, नाहीतर पॅरालिसिस. अचानक असा बदल झाला तर सोडियम तपासून घेणं स्वस्तातलं आणि शहाणपणाचं काम आहे.

सोडियम हळूहळू, आठवड्यांच्या हिशोबाने उतरलं असेल तर मेंदू त्यातूनही वाट काढतो. आपल्या पेशींमधले पोटॅशियम आणि इतर काही कण तो बाहेर टाकतो, म्हणजे पाणी आत ओढलं जात नाही. त्यामुळे सोडियम ११८ असूनही माणूस चालतबोलत दवाखान्यात येऊ शकतो.

खरी गोम पुढे आहे. अशा जुळवून घेतलेल्या मेंदूभोवतीचं सोडियम झपाट्याने वर नेलं तर पाणी उलट दिशेने खेचलं जातं. टाकून दिलेले कण तितक्या झटपट परत जमवता येत नाहीत आणि मज्जातंतूंवरचं वेष्टण उखडतं. दोन-चार दिवस बरा वाटलेला पेशंट मग बोलेनासा होतो, गिळता येत नाही, हातपाय हलत नाहीत. हे नुकसान कायमचं ठरू शकतं. म्हणून चोवीस तासांत आठ-दहा मिलिमोलच्या वर चढवायचं नाही, अशी मर्यादा डॉक्टर पाळतात. "तीन दिवस झाले, अजून नॉर्मल कसं नाही?" असा तगादा नातेवाईक लावतात, पण इथे सावकाश जाणं हाच उपचार आहे. अपवाद फिट आलेल्या, बेशुद्ध होत चाललेल्या पेशंटचा. त्याला ३ टक्के सलाईनचे थोडे थोडे डोस पटापट देऊन सोडियम चार-सहा मिलिमोलने उचलतात आणि मग परत सबुरी.

जादा पाणी राहतंच का?

निरोगी मूत्रपिंडाला दिवसाला दहा-बारा लिटर पाणी बाहेर टाकता येतं. मग दोन-तीन लिटर कसं साठेल?

बहुतेक वेळा कारण एका हार्मोनमध्ये असतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून एक निरोप मूत्रपिंडाला जातो: पाणी सोडू नकोस, परत रक्तात घे. तहान लागली असताना तो जायलाच हवा. पण वेदना, मळमळ, न्यूमोनिया, मोठं ऑपरेशन, डोक्याला मार आणि नैराश्यावरच्या किंवा फिटच्या काही गोळ्या यांमुळे तो कारण नसताना जात राहतो. मग लघवी घट्ट होते आणि प्यालेलं पाणी अंगातच राहतं.

दुसरं मोठं कारण बीपीच्या गोळीत दडलेलं असतं. थायाझाइड गटातली लघवी वाढवणारी औषधं, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन वगैरे, दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत घातलेली असतात. गोळीच्या नावाच्या शेपटाला एखादं 'एच' लागलं असेल तर बहुधा तेच. "आम्ही पाण्याची गोळी घेत नाही हो" असं पेशंट प्रामाणिकपणे सांगतो आणि ती गोळी पिशवीतून निघते. औषध चांगलंच आहे, लाखो लोकांना चालतं. पण सत्तरीपुढच्या, सडपातळ बाईला ते सुरू केलं तर पहिल्या काही आठवड्यांत सोडियम बघायला हवं.

तिसरं कारण मला सगळ्यात रोचक वाटतं, कारण ते साधं गणित आहे. मूत्रपिंड निव्वळ पाणी बाहेर टाकू शकत नाही. प्रत्येक लिटर लघवीबरोबर थोडे तरी कण जावेच लागतात. हे कण जेवणातून येतात: मिठातून आणि डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांपासून तयार होणाऱ्या युरियातून. चौरस जेवणाऱ्याकडे रोजचे सहाशे-नऊशे मिलिमोल कण जमतात. म्हातारं मूत्रपिंड लिटरमागे शंभर कणांपर्यंतच लघवी पातळ करू शकतं असं धरलं, तरी सहाशे कणांत सहा लिटर पाणी निघून जातं. पण आजोबा गेल्यापासून आजी एकट्या राहतात, स्वयंपाकाचा कंटाळा करतात, दोन वेळा चहा-बिस्किट आणि रात्री पेज. त्यांचे कण जमतात दोनशे-अडीचशे. म्हणजे दिवसाला दोन-अडीच लिटरच्या वर पाणी टाकायची त्यांच्या मूत्रपिंडाची ऐपतच नाही. त्यात कुणी सांगितलं, रोज तीन लिटर पाणी प्या, तब्येत चांगली राहते! या आजींना वाटीभर वरण आणि एक अंडं मिठाच्या चिमटीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तरुणही यातून सुटत नाहीत. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं. १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली निघालं. सगळ्यात ठळक संबंध दिसला तो शर्यतीत वजन वाढल्याशी. धावून वजन वाढतं ते एकाच मार्गाने: घामात गेलं त्याहून जास्त पाणी प्यायल्याने. बेचाळीस किलोमीटर रमतगमत पाच-सहा तासांत पूर्ण करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण प्रत्येक टेबलापाशी थांबून प्यायला त्यांनाच सवड असते.

बाटलीत काय असतं

"डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा." गावोगावच्या दवाखान्यांत ही मागणी रोजची. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, चहाच्या चमच्याने सपाट भरून साधारण एक चमचा. बाकी पाणी. ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभरच्या आतच कॅलरी. एक पोळी खाल्ली तरी तेवढ्या मिळतात. तोंडाने खाता-पिता येणाऱ्या माणसाला या बाटल्यांतून ताकद मिळत नाही. मिळतो तो दोन तास आडवं पडायचा आराम, आणि त्याचे पैसे पडतात.

ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठी मात्र कुठली बाटली हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. साध्या सलाईनमधलं सोडियम पेशीत शिरू शकत नाही, त्यामुळे पाणीही बाहेरच राहतं. लिटरभर दिली की सुमारे पाव लिटर रक्तवाहिन्यांत टिकतं, बाकी फटींमध्ये जातं. ग्लुकोजच्या बाटलीची गोष्ट वेगळी. साखर पेशी वापरून टाकतात, मागे उरतं निव्वळ पाणी आणि ते सगळ्या ४२ लिटरमध्ये पसरतं. लिटरमागे रक्तात राहतं जेमतेम ८० मिलिलिटर. रक्तस्राव होऊन बीपी पडलेल्याला ही बाटली उपयोगाची नाही, आणि सोडियम उतरलेल्याला तर ती घातकच. हार्मोनमुळे पाणी साठवणाऱ्या पेशंटला कधीकधी साधी सलाईनही उलटते: मूत्रपिंड त्यातलं मीठ थोड्याशा घट्ट लघवीतून टाकून देतं आणि पाणी ठेवून घेतं.

आणि ओआरएस?

जुलाबात पाणी आणि मीठ दोन्ही जातं. तिथे ओआरएसला, म्हणजे पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीला, तोड नाही. गंमत अशी की त्यातली साखर ताकदीसाठी नसते, ती दार उघडायला असते. लहान आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक कण आणि सोडियमचे दोन कण एकत्र आले तरच दोघांना आत घेतं, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. कॉलऱ्यात आतडं पाणी ओकत असतं तेव्हाही हे दार बंद होत नाही.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या भरून घेतल्या, पाण्याच्या पिंपांत मिसळल्या आणि पेशंटच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, निधनानंतर.

आजच्या पुडीत लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. एकूण कण लिटरमागे २४५ मिलिमोल. रक्तात ते २८५ च्या आसपास असतात. द्रावण रक्तापेक्षा जरा पातळ, म्हणजे पाणी आतड्यातून रक्ताकडे जातं. पूर्वीच्या नुस्ख्यात कण ३११ होते. २००२ मध्ये ते कमी केले, कारण पातळ द्रावणाने जुलाब आणि उलट्या कमी होतात असं दिसलं. आता लिटरची ही अख्खी पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात ओतली तर काय होईल? कण पाचपट, बाराशेच्या वर. मग पाणी रक्तातून आतड्यात ओढलं जाईल आणि बाळाचे जुलाब वाढतील. "ओआरएस दिलं तरी फरक नाही" असं कुणी म्हणालं तर आधी पाणी किती घेतलं ते विचारा. खोक्यातली गोड पेयं 'ओआरएस' नावाने विकली जात होती, त्यांचीही हीच अडचण: साखर कितीतरी जास्त, मीठ नावाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्या पेयांना हे नाव वापरायला मनाई केली. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा.

आणि ग्रुपवरचा तो सल्ला? ओआरएसमध्ये सोडियम आहे लिटरमागे ७५, आजींच्या रक्तात आहे १२५. पाणी साठवून बसलेल्या आजींना ते दिवसभर पाजलं तर आकडा आणखी खाली जाईल.

पोटॅशियमबद्दल थोडं. अंगातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात लिटरमागे फक्त ३.५ ते ५. एवढाशा साठ्यात थोडाही फरक पडला की हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. जुलाबात ते ओआरएसची जागा घेत नाही, आणि किडनीच्या पेशंटला महागात पडू शकतं. 'लो सोडियम' मिठातही सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, तेव्हा किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारूनच आणावं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम एकदम ६.२ आलं आणि माणूस ठणठणीत असला तरी हयगय करू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. ते ईसीजी काढतील आणि रक्त पुन्हा तपासायला पाठवतील. कधीकधी रक्त काढताना दंडाला पट्टा फार वेळ आवळलेला असतो, किंवा नळीतच लाल पेशी फुटलेल्या असतात, आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम रिपोर्टमध्ये उतरलेलं असतं.